चार गाड्यांची एक गाडी



मोटारसायकलींमध्ये एक जात अशी आहे, की जिला डांबर संपल्याचं दुःख होत नाही. इंग्रजीत तिला ड्युअल स्पोर्ट म्हणतात. पुढचं चाक नेहमीपेक्षा मोठं. मडगार्ड चाकाला चिकटलेलं नसतं, वर उचललेलं असतं, त्यामुळे मध्ये चिखल अडकत नाही. शॉकअप लांब, सीट उंच आणि पोटाखाली एवढी जागा, की वाटेतला धोंडा इंजिनाला न लागता खालून निघून जावा. आपल्याकडे हे नाव येण्याच्या कितीतरी आधी हे काम राजदूत आणि येझदी करत होत्या. राजदूतचं मूळ पोलंडमधलं, येझदीचं चेकोस्लोव्हाकियातलं. पण दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून शिवारातल्या वाटेनं निघालेली राजदूत पाहिली, की ही आपल्याच तालुक्यात जन्मली असावी असं वाटायचं.

दोन्ही वाटांसाठी म्हणून बांधलेली आणि साध्या माणसाच्या आवाक्यातली गाडी आपल्याकडे 2011 मध्ये आली. हीरो इम्पल्स. ब्राझीलच्या खेड्यापाड्यांत चालणाऱ्या होंडाच्या एनएक्सआर 150 ब्रॉस या गाडीच्या कुळातली. इंजिन 149 सीसीचं, पुढचं चाक 19 इंची, मागचं 17, जमिनीपासून पोटापर्यंत 245 मिलिमीटर मोकळी जागा. ती फार खपली नाही. उंच होती, अंगाच्या मानानं ताकद बेताची होती, आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला हिचं करायचं काय, हे उमगलं नाही. काही वर्षांत ती बंद झाली. 2019 मध्ये एक्सपल्स 200 आली, तोवर इम्पल्स रस्त्यावर दिसेनाशीच झाली होती.

अशी एक 2012 सालची इम्पल्स आमच्या घरात आहे. माझे दुल्हाभाई, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पाटण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होते. कोयनेच्या खोऱ्यात वरच्या अंगाला धनगरवाडे आहेत. तिथं म्हैस अडली म्हणून निरोप आला, की जाणारा माणूस कधी पोचतो यावर सगळं असतं. त्या वाटांवर या गाडीनं सात वर्षं काढली. 2019 मध्ये दुल्हाभाई निवृत्त झाले, गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते. त्या उंच सीटवरून पाय टाकणं जमेना, म्हणून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवली गेली. कोंबड्या तिच्यावर बसू लागल्या.

पुढे भाच्यानं पशुसंवर्धनाची पदविका घेतली. 2022 मध्ये महाराष्ट्रात जनावरांना लम्पीनं गाठलं, तेव्हा तो लसीकरणाच्या कामात मदतनीस होता. बर्फाचा डबा खांद्याला लावून वाड्यांवर पायी जायचा. दिवसाला दोन वाड्या होत, तिसरी राहून जाई. आता तो स्वतः त्याच भागात काम करतो. नवी गाडी घ्यायची तर दीड लाख रुपये लागतात, तेवढे नव्हते. शेडमधल्या गाडीला भंगारवाल्यानं 3,500 रुपये सांगितले होते. आपा द्यायला तयार झाली होती. भाचा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘मामू, इसको जिंदा करेंगे क्या?’’

माझ्याकडे येण्याचं कारण असं, की मी कवी असलो तरी पोटासाठी आयटीआयच्या कार्यालयात नोकरी करतो. बी.ए. झाल्यावर लागलो तो अजून तिथंच आहे. प्रवेशाच्या रजिस्टरात व्यवसायांची नावं लिहिता लिहिता मला मराठीतले काही फार देखणे शब्द भेटले. फिटर म्हणजे जोडारी. टर्नर म्हणजे कातारी. वेल्डर म्हणजे संधाता. वायरमन म्हणजे तारतंत्री. हे शब्द कुणी घडवले मला माहीत नाही, पण त्यांच्यातला प्रत्येक माणूस मला माहीत आहे. आमच्याकडे शिकून गेलेली मुलं आज कराडपासून कोल्हापूरपर्यंत पसरली आहेत. त्यांच्या भरवशावर मी हो म्हटलं. गाडी टेम्पोत घालून कराडला आणली आणि माझ्या घराच्या पडवीत उभी केली.

अनेक वर्षं उभ्या असलेल्या गाडीला पहिली किक मारायची नसते. आत सिलिंडरला गंज धरलेला असतो. जोर लावला की रिंगा तुटतात, भिंतीला चरे पडतात. प्लग काढायचा, भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि रात्रभर तसंच राहू द्यायचं. दुसऱ्या दिवशी वरचा गियर टाकून मागचं चाक हातानं हळूहळू फिरवायचं. चाकाबरोबर पिस्टन हलला, तर जीव आहे. आमचा तिसऱ्या दिवशी हलला.

पेट्रोलच्या टाकीत पेट्रोल उरलं नव्हतं, तपकिरी डिंक होता. उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि जे उडत नाही त्याचा चिकट थर होतो. त्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते तळाला बसतं आणि पत्रा खातं. आता तर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, म्हणून जुनी गाडी पुन्हा चालवायची असेल तर रबरी नळ्या आणि सीलं आधी बदलावीत. टाकीसाठी आम्ही पांढरा व्हिनेगर वापरला. आमच्या घरात त्याला सिरका म्हणतात. दोन दिवस भरून ठेवला, मग मूठभर नटबोल्ट आत टाकून टाकी पाळण्यासारखी हलवली. नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी, म्हणजे आंबटपणा मरतो. मग लगेच वाळवून आतून तेलाचा हात. यातली शेवटची पायरी चुकवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज दिसतो.

कार्बोरेटरमध्ये पायलट जेट नावाची एक पितळी काडी असते. तिचं भोक सुईच्या टोकाहून बारीक. ते बुजलं की गाडी सुरू होते, पण गॅस सोडला की मरते. पुष्कळ जण तिथं टाचणी घालतात. टाचणीनं भोक मोठं होतं आणि मग ती गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. क्लीनरचा फवारा आणि हवेचा झोत, एवढंच. धीर धरायचा.

इथवरचं काम पान्यांनी आणि सबुरीनं होतं. पुढचं भंगाराशिवाय होत नाही.

भंगाराच्या बाजाराचा एक नियम आहे. तिथं तेच सापडतं, जे कधी रस्त्यावर भरपूर होतं. म्हणून कमी खपलेल्या गाडीची दुरुस्ती अवघड. तिचं मरणसुद्धा दुर्मीळ असतं. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी दोन रविवार उन्हात फिरलो. नाना पेठेत दुचाकींच्या भागांची दुकानं पालथी घातली. कुर्ल्याला एकाला फोटो पाठवले. इम्पल्स म्हटलं की दुकानदार आधी हसायचा.

पण या गाडीला एक नशीब आहे. तिचं शरीर वेगळं असलं तरी इंजिन कुळातलं आहे. हंक, सीबीझी एक्स्ट्रीम या भरपूर खपलेल्या गाड्यांचं 149 सीसी इंजिन याच घराण्यातलं. आमच्या सिलिंडरला गंजानं खड्डे पडले होते. एका मोडीत निघालेल्या हंकचा ब्लॉक मिळाला. अशी अदलाबदल डोळे झाकून करायची नसते. भाऊभाऊ असले तरी एकाचा सदरा दुसऱ्याला बसेलच असं नाही. आमच्या जुन्या विद्यार्थ्यानं, जो आता पक्का कातारी आहे, स्टडमधलं अंतर, ब्लॉकची उंची, गजन पिन, सगळं मापून पाहिलं. मूळ बोअर 57.3 मिलिमीटरचा. तो पाव मिलिमीटरनं वाढवून त्या मापाचा नवा पिस्टन घातला. सेल्फची मोटर आणि क्लचचे काही भाग एका सीबीझी एक्स्ट्रीमचे आले.

राहिला पुढचा भाग. तो फक्त इम्पल्सचाच लागतो. दोन महिन्यांनी सांगलीकडून निरोप आला, एक इम्पल्स मागून ट्रकखाली चेपलेली आहे. तिचं मागचं अंग ओळखू येत नव्हतं. पुढचं जवळजवळ शाबूत. फोर्क, मडगार्ड, टाकीच्या बाजूची प्लास्टिकची पंखं, सगळं सोडवून आणलं. फोर्कचे पाईप सरळ आहेत का, हे पाहायची सोपी रीत म्हणजे जाड काचेवर लोळवायचे. वाकडा पाईप चालताना ठेचकाळतो आणि काचेखाली उजेडाची फट उघडमीट करते. एक पाईप सरळ निघाला, दुसरा नाही. मग आमच्याच जुन्या पाईपांपैकी बऱ्यातला एक कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाठवला, घासून त्यावर पुन्हा हार्ड क्रोम चढवून घेतलं.

त्या चेपलेल्या गाडीवर कोण बसलं होतं, हे मी विचारलं. विक्रेता म्हणाला, बसणारा बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. खरं असेल असं धरून चाललो आहे.

भंगार घेताना कागद मागावा, हे आवर्जून सांगतो. मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या फोडून त्यांचे भाग विकले जात. वर्षानुवर्षं ते चाललं, शेवटी डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. आमच्या मोहल्ल्यातली बरीच पोरं भंगाराच्या आणि गॅरेजच्या धंद्यात आहेत. प्रामाणिक माणसालाही रोज कुणाच्या तरी संशयी नजरेला तोंड द्यावं लागतं, असा हा धंदा. म्हणून पावती आणि मूळ गाडीच्या कागदाची प्रत मागितली, तर खरा दुकानदार रागावत नाही, उलट खुर्ची पुढे सरकवतो. जो रागावतो त्याच्याकडून काही घेऊ नये, फुकट मिळालं तरी.

मग आपाची अट आली. ती एके दिवशी पाटणहून आली, पडवीत मांडलेला पसारा बराच वेळ पाहत राहिली. कुठला तुकडा कुठल्या गाडीचा, ते विचारून घेतलं. आणि म्हणाली, ‘‘बाकी काय बी लगाव, ब्रेक मरेली गाडी का नक्को.’’

भंगारातून काय घ्यावं आणि काय घेऊ नये, यावर इतका नेमका सल्ला मला कुठल्या मिस्त्रीनंही दिला नाही. इंजिनाची कव्हरं, लिव्हर, फूटरेस्ट, हब, मोटर, हे जुनं चालतं. बिघडलं तर गाडी फक्त थांबते. ब्रेकचे पॅड, ब्रेकची नळी, टायर, चेन, बेअरिंग हे नवंच हवं. बिघडलं तर गाडी थांबत नाही. ब्रेकचं तेलही हवेतलं पाणी ओढतं, म्हणून वर्षानुवर्षं उभ्या गाडीत कॅलिपरचा पिस्टन जाम होतो. आम्ही मास्टर सिलिंडरचं किट, नळी, सीलं, पॅड, तेल, मागचे ब्रेकशू, सगळं नवं घातलं. टायर घेतानाही एक बघावं. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. 1412 असेल तर तो 2012 च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. आमच्या मागच्या टायरवर नक्षी भरपूर शिल्लक होती, पण जन्म गाडीबरोबरचा. रबर दिसायला ताजं आणि आतून वाळलेल्या भाकरीसारखं. तो घाटात नेण्याच्या लायकीचा नव्हता.

प्लास्टिकची गंमत वेगळी आहे. तुटलेल्या पंखाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरं असतात, एबीएस किंवा पीपी. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं. त्याच जातीचे तुटके तुकडे बाटलीत ॲसिटोन घालून ठेवले, की खीर तयार होते. ती चिरेवर भरायची, वाळली की एकजीव. पीपी मात्र असं विरघळत नाही, त्याला गरम हवेनं त्याच जातीची काडी वितळवून सांधावं लागतं. हे न पाहता कुठलाही डिंक लावला, तर पहिल्याच खड्ड्यात सुटतो. ॲसिटोनचं काम उघड्यावर आणि आगीपासून लांब, हे सांगायला नकोच.

वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं. सगळा गठ्ठा नवा टाकण्यापेक्षा भाच्यानं एकेक तार मीटर लावून तपासली. या घराण्यात हिरवी तार म्हणजे अर्थ, हे एकदा कळलं की निम्मं कोडं सुटतं. तीन रात्री तो तारतंत्री झाला होता. मी बॅटरी धरून शेजारी उभा.

आता प्रश्न असा, की ही गाडी कुणाची? ब्लॉक हंकचा, मोटर सीबीझीची, पुढचं अंग दुसऱ्या इम्पल्सचं. मला कवी म्हणून हा प्रश्न आवडला होता, त्यावर मी काही ओळीही जुळवत होतो. भाच्यानं कायदा सांगितला. गाडी म्हणजे चौकटीवर ठोकलेला चासी नंबर. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर नसतो, क्रँककेसवर असतो. दोन्ही आमचेच राहिले आहेत. म्हणजे कागदोपत्री ही तीच 2012 ची गाडी. क्रँककेस बदलला असता तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागली असती. माझ्या ओळी तिथंच संपल्या.

पण कागदाचं दुसरं एक टोक बोचतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. 2027 मध्ये ती संपते. मग गाडी तपासणीला न्यायची, पर्यावरण कर भरायचा, आणि पास झाली तर पुढची पाच वर्षं. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली, ती आम्ही बसवून घेतली. धुराची तपासणीही झाली. जुनी गाडी धूर ओकत फिरावी असं माझं म्हणणं नाही. दम्याचे रुग्ण आमच्याही घरात आहेत. पण मोडीत काढायची गाडी कोणती, हे तिच्या वयावरून ठरवण्यापेक्षा तिच्या धुरावरून आणि ब्रेकवरून ठरावं, एवढं मला नक्की वाटतं. तपासणीची खिडकी उघडी आहे, तोवर आम्हाला तक्रार नाही.

पहिल्यांदा इंजिन लागलं तो शुक्रवार होता. दुल्हाभाईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते ओट्यावर पाय पसरून बसले होते. भाच्यानं किक मारली. चौथ्या किकेला आवाज आला, निळसर धूर निघाला, आत सोडलेलं तेल जळत होतं, तो दोन मिनिटांत विरला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो. दुल्हाभाई हसले नाहीत. डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘‘टॅपेट ढिली हय.’’ इंजिन बंद करून गार होऊ दिलं, फीलर गेजची पत्ती घालून पाहिली. ढिलीच होती.

एकूण खर्च 27,400 रुपये आला. त्यातले जवळजवळ निम्मे नव्या भागांवर, म्हणजे आपाच्या अटीवर गेले. हिशेबाची वही भाच्यानं ठेवली आहे. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मजुरी घेतली, पण बाजारभावानं नाही. तो आकडा वहीत लिहिता आला नाही.

गेल्या महिन्यापासून गाडी पाटणला आहे. मागच्या कॅरियरवर लसीचा डबा बसेल अशी लोखंडी चौकट एका संधात्यानं करून दिली. भाचा आता दिवसाला तीन वाड्या करतो, कधी चार. आपा रोज सकाळी तो निघण्याआधी पुढचा ब्रेक स्वतः दाबून पाहते. गाडी चालवायला ती आयुष्यात शिकलेली नाही, पण लिव्हर किती आत गेली पाहिजे हे तिला आता पाठ झालं आहे. गाडीचं उजवं पंख सांगलीच्या गाडीचं, पांढरं आहे, डावं आमचं, लाल. रंगवून एकसारखं करू का, असं मी विचारलं. भाचा म्हणाला, नको मामू, वाडीवरची पोरं त्या दोन रंगांवरून लांबूनच ओळखतात आणि म्हशी बांधून ठेवतात.

डाव्या पंखाची एक रबरी खुंटी अजून मिळालेली नाही. सध्या तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा आहे. येत्या बुधवारी पुण्याला जाणं आहे, तेव्हा जुन्या बाजारात पाहीन.